ट्युनिशियातला ‘राष्ट्रीय संवाद’ : संवाद, वाटाघाटी की बोलणी?

नमस्कार. आमच्या मासिकासाठी ट्युनिशियावर लेख लिहिते आहे आणि एका शब्दापाशी चार दिवस अडले आहे. २०१३ साली तिथे जे घडलं त्याला जगभर ‘नॅशनल डायलॉग’ म्हणतात. मराठीत सरळ ‘राष्ट्रीय संवाद’ करता येतं, पण तो ‘संवाद’ मला पुरत नाही.

आधी प्रसंग सांगते. १७ डिसेंबर २०१० ला सिदी बूझीदमध्ये मोहम्मद बूअझीझी या हातगाडीवर फळं विकणाऱ्या तरुणाने स्वतःला पेटवून घेतलं. महिन्याभरात देश पेटला आणि २३ वर्षं सत्तेवर असलेले बेन अली १४ जानेवारी २०११ ला पळून गेले. नवी घटना लिहायला २१७ जणांची सभा निवडली गेली, पण घटना काही पुरी होईना. त्यातच २०१३ मध्ये दोन विरोधी नेत्यांचे खून पडले. फेब्रुवारीत शुक्री बेलैद, २५ जुलैला मोहम्मद ब्राहमी. साठेक सभासद सभेबाहेर पडले, लोकांनी बार्दोला सभेच्या इमारतीसमोर ठाण मांडलं, ऑगस्टमध्ये सभेचं कामच थांबवावं लागलं. इजिप्तमध्ये त्याच जुलैत लष्कराने सत्ता हातात घेतली होती, त्यामुळे पुढे काय होऊ शकतं हे सगळ्यांना दिसत होतं. तेव्हा कामगारांचा महासंघ, उद्योजकांचा संघ, मानवाधिकार लीग आणि वकिलांची संघटना अशा चार संस्थांनी पक्षांना एका टेबलाशी आणलं.

आपल्याकडे ‘संवाद’ कुठे वापरतात बघा. पालकांशी संवाद, कार्यकर्ता संवाद मेळावा, मंत्र्यांनी शेतकऱ्यांशी संवाद साधला. त्यातून काही ठरायलाच हवं अशी अट नसते. ट्युनिशियात तर सरकारने जायचं का, कधी जायचं आणि जागेवर कोणी यायचं, हे ठरवायचं होतं. म्हणून मी ‘वाटाघाटी’ लिहिलं. संपादकांनी लाल पेनाने खोडून पुन्हा ‘संवाद’ केलं. त्यांचं म्हणणं, वाटाघाटी म्हटलं की सौदा वाटतो. तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद :

ताई, मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं होतो, त्यातली अकरा युनियनच्या कमिटीवर. आमचा शब्द ‘बोलणी’. बोलणी लागली, बोलणी चालू आहेत, बोलणी फिसकटली. लग्नाच्या बोलणीतही हेच. संवाद तुटतो, पण फिसकटत नाही. जे ठरवायला बसलो ते ठरलं नाही की फिसकटणं आलं. या एका क्रियापदात तुमचं उत्तर आहे असं मला वाटतं.

आमच्या एका संपात ३८ दिवस गेट बंद होतं. ३९ व्या दिवशी निरोप आला, चर्चेला या. आमचे सेक्रेटरी म्हणाले, संपावरून एकालाही कामावरून काढणार नाही एवढं आधी लिहून द्या, मग बसू. ते कार्बन कॉपीचं अर्धं पान अजून माझ्या ट्रंकेत आहे, कोपऱ्यात चहाच्या ग्लासाचा गोल डाग असलेलं. पुढे पगारवाढीवर आम्ही बरंच सोडलं, पण बसता आलं ते त्या अर्ध्या पानामुळे.

ट्युनिशियावाल्यांनी हेच केलं. पक्षांच्या सह्या घेतल्या ५ ऑक्टोबरला, बोलणी सुरू झाली २५ ऑक्टोबरला. तीन आठवड्यांत सरकारने राजीनामा द्यायचा, बिगरपक्षीय पंतप्रधान आणायचा, घटना पुरी करायची, हे त्या कागदावर आधीच होतं. तरी ४ नोव्हेंबरला पंतप्रधानाच्या नावावरून बोलणी थांबलीच. अहमद मेस्तिरी की मोहम्मद एन्नासर, यावर एकमेकांचं जमेना. शेवटी १४ डिसेंबरला मेहदी जोमा हे तिसरंच नाव निघालं. अशा महिन्याला ‘संवाद’ म्हटलं तर त्यातला घाम दिसत नाही.

आणखी एक. कामगार महासंघ १९४६ चा, फरहात हशाद यांनी उभा केलेला. पगारासाठी तो ज्या उद्योजकांच्या संघासमोर बसायचा, तोच इथे त्याच्या शेजारी बसला. कमिटीवर अकरा वर्षं काढलेल्या माणसाला विचारा हे किती अवघड आहे ते. ‘तडजोड’ शब्दही लेखात येऊ द्या. लोक तो पडेल आवाजात उच्चारतात, आम्ही तो कधीच तसा वापरला नाही.

प्रतिसाद :

मी मोडी आणि फारसी कागद वाचतो, त्यामुळे अरबी शब्दांशी गाठ पडते. मूळ नाव ‘अल-हिवार अल-वतनी’. ‘हिवार’च्या धातूत परतण्याचा अर्थ आहे, बोल जातो आणि उलटून येतो. म्हणजे नुसत्या ‘हिवार’ला ‘संवाद’ चुकीचा नाही. ‘वतन’ मात्र आपल्याकडे येऊन पार बदलला. तिकडे तो मायदेश, इकडे पाटील-कुलकर्ण्यांचा वंशपरंपरेचा हक्क. माझ्याकडच्या कागदांत निम्मी भांडणं वतनाचीच आहेत.

त्या चार संस्थांना अरबीत ‘रुबाई राई’ म्हणतात. ‘रुबाई’ म्हणजे चौघांचा गट. मराठीत ‘चौकडी’ करू नका, आपल्या कानाला लगेच चांडाळचौकडी ऐकू येते. ‘चौघे’ पुरे. ‘राई’ म्हणजे गुरं राखणारा, त्यावरून सांभाळणारा, आश्रय देणारा. याच धातूवरून ‘रयत’ आला, राखायचा तो कळप. मला हा शब्द फार आवडला, कारण या चौघांनी राखली ती बोलणी. मतं तर त्यांची आपापली होतीच.

तिथल्या राजकारणातला परवलीचा शब्द ‘तवाफुक’. त्याच मुळातून आपला ‘माफक’. ‘माफक’चा मूळ अर्थ जुळणारा, जमणारा, ‘बेताचा’ हा अर्थ आपण नंतर दिला. ‘तवाफुक’ला ‘एकमत’ लिहू नका. २६ जानेवारी २०१४ ला घटना मंजूर झाली तेव्हा २०० मतं बाजूने, १२ विरोधात आणि चौघे तटस्थ होते. याला मराठीत सहमती म्हणतात. आणि घटनेला अरबीत ‘दस्तूर’, जो आपल्याकडे ‘दस्तुरखुद्द’मध्ये उरलाय.

माझी प्रतिक्रिया :

काका, ‘फिसकटली’ने माझं काम झालं. ‘बोलणी’ घेते. ‘वाटाघाटी’ही चुकीचा नव्हता, पण तो वाचताना दोन देशांचे अधिकारी डोळ्यासमोर येतात, ‘बोलणी’त माणसं दिसतात. ‘राष्ट्रीय संवाद’ फक्त विशेषनाम म्हणून ठेवेन, कारण त्या चौघांना २०१५ चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं ते त्याच नावाने.

मात्र लेखाचा शेवट लिहिताना एक अडचण आली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २५ जुलै २०२१ ला राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली. २०२२ मध्ये नवी घटना करायला त्यांनीही ‘राष्ट्रीय संवाद’ बोलावला. नाव तेच, पण राजकीय पक्ष बाहेर, आणि त्याच कामगार महासंघाने यायला नकार दिला. मसुदा समितीचे प्रमुख सादोक बेलैद यांनी तर छापून आलेला मजकूर आपण दिलेला नाही असं जाहीर सांगितलं. २५ जुलै २०२२ च्या सार्वमताला तीनांत एक मतदारही धड आला नाही, तरी ती घटना लागू झाली.

या दोन्हींना एकच शब्द वापरला तर वाचकाला फरक कळायचा कसा? मला पटतं ते असं : २०१३ साठी ‘बोलणी झाली’, २०२२ साठी ‘राष्ट्राध्यक्षांनी संवाद बोलावला’. पहिल्यात क्रियापद सगळ्यांचं आहे, दुसऱ्यात एकट्याचं.

प्रतिसाद :

ताई, दुसऱ्या वाक्यात ‘महासंघ आला नाही’ हेही तिथेच जोडा, पुढच्या परिच्छेदात नको. समोर कोणी बसलंच नव्हतं हे वाचणाऱ्याला तिथल्या तिथे कळलं पाहिजे.