पीएस४ अर्ध्या तासात तापून बंद पडायलाय, उघडू का भंगारात देऊ?

एमएच२२_मानवतकर

राम राम मंडळी. माझ्याकडं जुना पीएस४ (टीव्हीला जोडायचा सोनीचा गेम खेळायचा कन्सोल) आहे, तो पहिला जाडा मॉडेल, चुलतभावानं २०१९ ला पुण्याहून सेकंडहँड आणला होता अन् इतके दिवस गुमान चालला. मार्चपासून मात्र चालू केला की दहा मिनिटात फॅन असा ओरडतो जशी पिठाची गिरणी सुरू झाली, अन् अर्ध्या पाऊण तासात स्क्रीनवर मेसेज येतो की लई गरम झालाय, बंद करा, थंड होऊ द्या. पुढचा लाईट लाल होतो. मग तासभर तसाच ठेवला की पुन्हा नीट चालू, जसं काही झालंच नै. क्रिकेटचा गेम लावला तर तासभर तरी टिकतो, मारामारीचा लावला तर वीस मिनिटं पण नै.

परभणीला एका दुकानात दाखवला. त्यानं न उघडताच सांगितलं की आयसी (मेन चिप) गेली, हीट मारून रिबॉल (चिप काढून टाके नव्यानं बसवणं) करावा लागंल, साडेचार हजार, गॅरंटी नै. आता गॅरंटीच नै तर साडेचार हजार कशाचे हे मला कळंना.

मशीन टीव्हीखालच्या शोकेसमधी ठेवलाय, समोर कूलर असतो. घर कापसाच्या जिनिंगच्या रोडला. खरंच आयसी गेली असंल का? अन् घरी उघडायचा म्हणलं तर पान्हा कोणता लागतो?

लातूरचा_बाब्या

पहिलं एक सांग, शोकेसला काच आहे का अन् ती खेळताना बंद असते का? आमच्याकडं हेच झालं होतं, मशीन काचेमागं, मागून तोंड भिंतीला टेकलेलं. गरम हवा मागून निघायची अन् तिथंच फिरायची. त्याच्यावर काही झाकलंय का ते पण सांग.

एमएच२२_मानवतकर

काच आहे पण उघडीच असते. वर आईनं क्रोशाचा रुमाल टाकलाय, टीव्हीवर टाकायची तसा, धूळ बसू नये म्हणून. तो लई पातळ आहे पण, जाळीचा.

संभाजीनगर_सोल्डर

बाबा तो रुमाल आधी काढ, मग बाकीचं बोलू. पहिल्या पीएस४ ला मधून जी खाच गेलीय ना, दोन मजले वेगळे दिसतात ती, हवा तिथूनच आत घेतो तो, बाजूनं. अन् मागून सोडतो. रुमालाची झालर दोन्हीकडं लोंबत असंल तर तू त्याचं नाकच दाबून ठेवलंयस. धूळ बसू नये म्हणून टाकला म्हणतोस पण धूळ तर फॅन स्वतः ओढतो, वरून थोडीच पडते.

आता आयसीचं. मी मोबाईल लॅपटॉपचं काम करतो, कन्सोल पण येतात अधूनमधून. चिप सुटली असती तर स्क्रीनवर रेघा आल्या असत्या, निळा लाईट लुकलुकून चित्रच आलं नसतं, नै तर थंड असताना पण चालू झाला नसता. तुझा थंड असताना झकास चालतो, जड गेमला लवकर अन् हलक्याला उशिरा बंद पडतो, वरून स्वतःच सांगतो की गरम झालो. म्हणजे चिप शाबूत आहे, तिची उष्णता बाहेर जायची वाट बंद आहे. हीट मारायचं तर नावच काढू देऊ नको कुणाला, धडधाकट बोर्ड भाजून ठेवतील.

उघडायचा असंल तर असं कर. आधी वायर काढून निदान अर्धा तास ठेव. टी८ चा सिक्युरिटीवाला पान्हा लागंल, सहा पाकळ्यांचा अन् टोकाला भोक असलेला, कारण स्क्रूच्या मधी खिळी असते, साधा टॉर्क्स बसतच नै. मोबाईल रिपेरिंगच्या किटमधी असतो तो. मशीन पालथा घाल, मागच्या बाजूचे स्क्रू काढ (काही वॉरंटीच्या स्टिकरखाली असतात, तुझी वॉरंटी कधीच संपली म्हणून काळजी नै), खालचं झाकण उचल. समोर काळा डबा दिसंल, तो पॉवर सप्लाय. त्याचे स्क्रू काढून सरळ वर उचलायचा, ओढाओढी नै, खाली एक वायर बोर्डाला जोडलेली आहे ती हळूच काढायची. तो डबा मात्र स्वतः उघडायचा नै, आत कपॅसिटरमधी करंट धरून असतो. डब्याच्या खालीच हीटसिंकच्या पट्ट्या आहेत, चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या, अन् तुझा चोर तिथंच सापडणार हे मी लिहून देतो, जिनिंग रोड म्हणलास तेव्हाच कळलं मला.

धूळ उडवायला ब्लोअर मारताना फॅनच्या पात्याला बोटानं नै तर काडीनं अडवून धर. वाऱ्यानं तो उलटासुलटा जोरात फिरला तर बेअरिंग जातं. अन् तोंडानं फुंकू नको, थुंकी जाते.

चिप अन् हीटसिंकच्या मधी उष्णता जायला पेस्ट असते, तिचं आता करू नको. त्याला पूर्ण बोर्ड काढावा लागतो, पहिल्याच फटक्यात जमंल असं नै. साफ करून फरक नै पडला तर मग बघू. तेव्हा जुनी पेस्ट ९९ टक्केवाल्या आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसायची अन् नवी तुरीच्या दाण्याएवढी, बस. लोक श्रीखंडासारखी थापतात.

जुना_खिलाडी_बीड

हीट मारायचं वाचून हसू आलं. एक्सबॉक्स ३६० चे तीन लाल लाईट, मशीन बिघडल्याची खूण, आठवतात का कुणाला? २००७ ला मायक्रोसॉफ्टनं त्याच्यासाठी वॉरंटी वाढवून तीन वर्षाची केली होती, इतका पसारा झाला होता. तेव्हा पोरं मशीन टॉवेलमधी गुंडाळून मुद्दाम तापवायची, तापून टाके पुन्हा चिकटायचे म्हणे अन् चार दिवस चालायचा. आमच्या मित्रानं आईची जुनी शाल वापरली होती. पाचव्या दिवशी कायमचा गेला, अन् शालीला वास लागला तो वेगळाच.

नांदेड_एल२

कूलरचं कुणी बोललं नै. समोर कूलर म्हणजे ओली हवा सरळ मशीनमधी, अन् आपल्याकडं बोअरचं पाणी, क्षार किती. माझ्या स्पीकरला हिरवट चढलं होतं तसंच.

जाता जाता, माझा पीएस५ आहे, तो पण उघडून साफ करू का?

संभाजीनगर_सोल्डर

एप्रिल मे मधी आपली हवा इतकी कोरडी असते की कूलरच्या ओलाव्यानं लगेच काही होत नै, खोली थंड झाल्याचा फायदाच आहे. पण तोंडासमोर ठेवू नको, थेंब उडतात. पावसाळ्यात मात्र बंदच ठेवावा.

पीएस५ ला हीटसिंकपर्यंत अजिबात जाऊ नको. त्यात पेस्ट नै, लिक्विड मेटल आहे, पाऱ्यासारखं पळतं अन् करंट वाहतं, एक थेंब बोर्डावर सांडला की खेळ खलास. बाजूच्या पांढऱ्या प्लेटा बिना स्क्रूच्या निघतात, आत धूळ जमा व्हायला भोकं दिलेलीच आहेत, तिथं व्हॅक्यूमचं तोंड लाव अन् सोडून दे.

एमएच२२_मानवतकर

झालं काम. मोबाईलवाल्या मित्राकडून पान्हा आणला अन् रविवारी पेपर अंथरून बसलो. पॉवर सप्लायचा डबा उचलला तर खाली पट्ट्या दिसतच नव्हत्या. राखाडी नमदा बसला होता अख्खा, खालच्या अंगाला धूळ अन् वर सरकीच्या टरफलाचे काळे ठिपके असलेला कापूस. चिमट्यानं एक कडा धरून उचलली तर पापुद्रा निघावा तसा सलग निघाला, त्यावर पट्ट्यांच्या रेघा उमटलेल्या होत्या. आजीला दाखवला तर म्हणली याच्या वाती होतील. दिवाळीपासून जिनिंग चालू असतं ते होळीपर्यंत, आमच्या तुळशीवर पण कापूस बसतो, मशीन कसा सुटंल.

डब्याची ती वायर निघता निघंना, तिथं घाम फुटला होता. शेवटी नखानं दोन्ही बाजूनं थोडी थोडी हलवत काढली. पेस्टला हात लावला नै.

रात्री मारामारीचाच गेम लावला, दोन तास झाले, मेसेज नै, फॅनचा आवाज पण गेमच्या आवाजाखाली दबतोय. खर्च शून्य, मित्राला एक चहा.

पण काल दुपारी दोनला लावला तर पुन्हा गिरणी सुरू. बंद नै पडला, पण ओरडला लई.

संभाजीनगर_सोल्डर

मॅन्युअलमधी ५ ते ३५ डिग्री लिहिलंय, तेवढ्याच खोलीत चालवायचा. जगात जर्मनी अन् भारतात परभणी, पण ते मशीनला कोण सांगणार. दुपारी पत्र्याखाली ४२ असंल तर तो आत ४२ ची हवा घेऊनच चिप थंड करायलाय, ओरडणारच. रात्री खेळ. अन् दर वर्षी जिनिंग बंद झालं की डबा उचलून बघत जा. पुढच्या खेपेला दुपारच काय, रात्री पण गरम वाटला तर पेस्टला हात घालू.

लातूरचा_बाब्या

रुमालाचं काय केलं ते सांगितलंच नै.

एमएच२२_मानवतकर

आईनं सेटटॉप बॉक्सवर टाकला.

लातूरचा_बाब्या

तो पण तापतोच की रे.