कॅनाबिसच्या मातृरोपांत हॉप लेटंट व्हायरॉइडचा संशय: पानांची चाचणी निगेटिव्ह, लक्षणे मात्र कायम

हरितगृह_ओंटारियो

नमस्कार. कॅनडातील ओंटारियो प्रांतात कॅनाबिसच्या, म्हणजे गांजाच्या, एका परवानाधारक हरितगृहात मातृरोपे (ज्यांच्या फांद्या कापून नवी रोपे करतात ती) आणि त्यांची छाटकलमे यांची जबाबदारी माझ्याकडे आहे. या देशात कॅनाबिसची लागवड ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर असून माझा प्रश्न केवळ रोगाविषयी आहे. रोपवाटिकेत आणि प्रयोगशाळेत काम केलेली मंडळी येथे आहेत, म्हणून मराठीतच विचारते.

आमच्याकडे एका वाणाची १२ मातृरोपे आहेत. गेल्या तीन बॅचपासून त्यांच्या कलमांना मुळे उशिरा फुटत आहेत. काही रोपांच्या बाजूच्या फांद्या वर न जाता जवळजवळ काटकोनात आडव्या पसरतात, पेरांतील अंतर कमी झाले आहे, पाने लहान राहतात आणि खोड थोडे वाकवले तरी कट्‌कन मोडते. फुलोऱ्यात आल्यावर याच रोपांचे तुरे लहान आणि विरळ भरतात, व त्यांच्यावर राळेच्या ग्रंथीही कमी दिसतात. द्रावणाचा सामू आणि क्षारता तपासली, त्यात दोष आढळला नाही. भिंगाखाली कोळी (रस शोषणारी बारीक कीड) दिसला नाही. मग मी हॉप लेटंट व्हायरॉइडचा संशय व्यक्त केला आणि चार रोपांची कोवळी पाने प्रयोगशाळेत पाठवली. चारही निगेटिव्ह आली. आता व्यवस्थापनाच्या मते हा खताचाच दोष आहे. मी चुकीच्या दिशेने जात आहे का? आणि दिशा बरोबर असेल तर पुढे काय करावे?

वनस्पतिरोग_निवृत्त

ताई, तुमचा संशय मला रास्त वाटतो. पान निगेटिव्ह आले एवढ्यावरून रोप निरोगी ठरत नाही, हे सर्वांत आधी सांगतो.

व्हायरॉइड म्हणजे प्रथिनांचे कवच नसलेला, वर्तुळाकार आरएनएचा एक लहानसा धागा. थिओडोर डीनर यांनी १९७१ मध्ये बटाट्याच्या रोगावरून हा प्रकार प्रथम ओळखला, तोवर इतकी लहान वस्तू रोग घडवू शकते हे कोणाच्या ध्यानात नव्हते. तुम्ही म्हणता तो व्हायरॉइड अवघ्या २५६ न्यूक्लिओटाइडांचा आहे. तो मूळचा हॉपच्या, म्हणजे बिअरमध्ये वापरतात त्या, वेलावरचा. हॉप आणि कॅनाबिस एकाच कुळातील आहेत. पण हॉपवर तो बहुतेक वेळा लक्षणांशिवाय राहतो, म्हणून त्याच्या नावात ‘लेटंट’, म्हणजे सुप्त, हा शब्द आला. कॅनाबिसवर मात्र तो तुम्ही वर्णिलेले नुकसान करतो. कॅलिफोर्नियातील रोपांत तो असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि रोपे खुरटून निकामी होण्याच्या ज्या प्रकाराला तेथील उत्पादक ‘डडिंग’ म्हणत होते त्याचे कारण तेव्हा कळले.

हा व्हायरॉइड रोपात सर्वत्र सारखा पसरत नाही, आणि पानांच्या चाचणीची अडचण नेमकी येथेच आहे. एका फांदीत तो भरपूर असतो, तर शेजारच्या फांदीत चाचणीला सापडणार नाही इतका कमी. मुळांत त्याचे प्रमाण सहसा सर्वाधिक असते आणि तेथे तो अधिक खात्रीने सापडतो. ब्रिटिश कोलंबियातील सायमन फ्रेझर विद्यापीठात झामिर पुंजा यांच्या गटानेही या रोगाच्या अभ्यासात मुळांच्या नमुन्यांवर भर दिला आहे. म्हणून बाराही रोपांच्या मुळांचे नमुने आरटी-पीसीआरसाठी पाठवा. प्रत्येक रोपाचा नमुना वेगळा ठेवा. पैसे वाचवण्यासाठी सगळे एकत्र मिसळू नका. निगेटिव्ह आलेली रोपे काही आठवड्यांनी पुन्हा तपासा, कारण नुकत्याच झालेल्या लागणीत प्रमाण इतके कमी असते की पहिली चाचणी हुकू शकते. एकही लक्षण नसलेले रोप यातून वगळू नका.

एक प्रश्न विचारतो. तुम्ही कात्र्या कशाने पुसता?

हरितगृह_ओंटारियो

सर, ७० टक्के अल्कोहोलने. प्रत्येक मातृरोपानंतर पुसतो, हा आमचा लिखित नियमच आहे.

वनस्पतिरोग_निवृत्त

मग बहुधा त्याच वाटेने तो फिरत असेल. अल्कोहोल जिवाणू आणि बुरशीसाठी उपयोगी आहे, पण व्हायरॉइडला त्याने आवर बसत नाही. पात्यावर राहिलेला रस सुकला तरी त्यातील व्हायरॉइड संसर्गक्षम राहू शकतो. घरगुती ब्लीच, म्हणजे सुमारे ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, एक भाग घेऊन त्यात नऊ भाग पाणी मिसळा आणि पाती त्यात किमान एक मिनिट बुडवून ठेवा. नुसते पुसून भागत नाही. द्रावण रोज ताजे करा. रस आणि माती मिसळली की त्याची ताकद झपाट्याने उतरते, म्हणून कामाच्या मध्येही ते बदलावे लागेल.

पन्हेरी_वरुड

आमच्याकडे गांजाचे पीक नाही, पण हा प्रश्न वाचून राहवले नाही, कारण व्हायरॉइडने आमच्या संत्र्याला हेच शिकवले आहे.

लिंबूवर्गीय झाडांत एक्सोकॉर्टिस नावाचा व्हायरॉइड असतो. जंबेरीच्या खुंटावर (मुळांकडच्या रोपावर) डोळा, म्हणजे कळी, भरून केलेल्या संत्र्यात तो असला तरी झाड वरवर चांगले दिसते. त्याच झाडाचा डोळा रंगपूर लाईमच्या खुंटावर भरला की काही वर्षांनी खुंटाची साल तडकून सोलली जाते आणि झाड खुजे राहते. म्हणजे डोळे देणारे झाड देखणे होते, एवढ्याने काहीही सिद्ध होत नाही. वडिलांच्या काळी आम्ही डोळकाडी निवडताना झाडाची तब्येत आणि फळ पाहत असू, आणि एकाच चाकूने दिवसभर शेकडो डोळे भरत असू. आज ते आठवले की वाईट वाटते.

तुम्हाला अनुभवातून एवढे सुचवतो की पात्यांच्या स्वच्छतेइतकाच कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. दिवसाची सुरुवात तपासलेल्या, निरोगी मातृरोपांपासून करा आणि संशयित रोपांना शेवटी हात लावा. उलट फेरी कधीही नको. एकच सिकेटर (छाटणीची कात्री) वारंवार बुडवण्यापेक्षा सहा-आठ सिकेटर फिरते ठेवा, म्हणजे एक वापरात असताना बाकीचे द्रावणात पूर्ण वेळ राहतील. मजुराला मिनिटभर थांबायला लावणारा नियम गर्दीच्या दिवशी पाळला जात नाही. पाळता येईल असाच नियम करावा. ब्लीचने पाती गंजतात, म्हणून नंतर पाण्याने धुऊन संध्याकाळी तेल लावा. हातमोजेही रोपागणिक बदला, कारण शेंडा खुडताना बोटांना लागलेला रस पात्यावरच्या रसाइतकाच घातक आहे.

हरितगृह_ओंटारियो

सर्वांचे मनापासून आभार. मुळांचे अहवाल आले आहेत. १२ पैकी ५ रोपे पॉझिटिव्ह आहेत, आणि त्यांतील दोन रोपे अशी आहेत की ज्यांना मी सर्वांत सशक्त समजून सर्वाधिक कलमे त्यांचीच घेत होते. पानांच्या चाचणीत निगेटिव्ह ठरलेल्या चारपैकी तीन रोपे या पाचांत आहेत. व्यवस्थापनाने आता विषय गंभीरपणे घेतला आहे. तीन प्रश्न उरतात. पाचही रोपे नष्ट करावीत, की ऊतिसंवर्धनाने (प्रयोगशाळेत बाटलीत लहान तुकड्यापासून रोप वाढवून) वाण वाचवता येईल? बियांपासून नवी सुरुवात केली तर धोका टळतो का? आणि आमचे सिंचनाचे द्रावण सर्व कुंड्यांतून फिरून पुन्हा वापरले जाते, त्याचे काय?

ऊतिसंवर्धन_जळगाव

मी केळीच्या ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. सात रोपे निगेटिव्ह आहेत आणि वाण तोच आहे. ती सात फेरतपासणीत टिकली, तर पाच रोपे वाचवण्याचा खटाटोप कशासाठी? ती नियमाप्रमाणे नोंद करून नष्ट करा, आणि गेल्या बॅचमध्ये त्यांच्यापासून घेतलेली कलमेही शोधून काढा. रोग घालवणारी कोणतीही फवारणी किंवा आळवणी नाही. तशी कोणी विकत असेल तर घेऊ नका.

एखादा वाण सर्वच रोपांत बाधित असेल, तेव्हाच ऊतिसंवर्धनाचा विचार करावा. तेथेही एक गैरसमज आहे. बाटलीत वाढले म्हणून रोप शुद्ध होत नाही. गाठीचा मोठा तुकडा लावला तर व्हायरॉइडही बाटलीत वाढतो आणि आमच्याच चाकूने पुढच्या बाटलीत जातो. शेंड्याच्या अगदी टोकावरील पेशीसमूहात व्हायरॉइड सहसा नसतो किंवा अत्यल्प असतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान टोक काढावे लागते. इतकी लहान टोके पुष्कळ मरतात. विषाणूंसाठी उष्णता देण्याची जी पद्धत आपण वापरतो ती येथे उलटी पडू शकते, कारण उष्ण हवेत व्हायरॉइड अधिक वाढतात. हॉपमध्ये म्हणूनच रोपे दीर्घकाळ थंडीत ठेवून मग टोक काढतात. जगलेल्या प्रत्येक टोकाची ओळ वेगळी ठेवून बाटलीत, हार्डनिंगनंतर (बाटलीबाहेरच्या हवेला सरावल्यावर) आणि रोप मोठे झाल्यावर मुळांतून अशी तीनदा चाचणी करा. त्याआधी त्या रोपाला मातृरोप म्हणू नका.

बियांतूनही हा व्हायरॉइड पुढच्या पिढीत जाऊ शकतो, म्हणून बियांची रोपेही तपासूनच आत घ्यावी लागतील. द्रावणाबाबत मी तडजोड सुचवणार नाही. मुळांत व्हायरॉइड भरपूर असतो आणि तुमच्या सर्व कुंड्यांची मुळे एकाच पाण्यात आहेत. सातही मातृरोपांना आजच स्वतंत्र, न फिरणारे सिंचन द्या, जुन्या कुंड्या आणि माध्यम काढून टाका, आणि शक्य असेल तर ही रोपे वेगळ्या खोलीत, वेगळ्या सिकेटरांसह ठेवा.

हरितगृह_ओंटारियो

सात रोपे आज वेगळ्या खोलीत हलवली आणि त्यांना हाताने पाणी देणे सुरू केले. बाधित रोपांची ११२ कलमे नोंदवहीवरून शोधली आहेत, त्यांची विल्हेवाट उद्या आहे. मुळांची फेरतपासणी चार आठवड्यांनी ठरवली आहे; अहवाल याच धाग्यात लिहीन.