झेलंडमध्ये समुद्राजवळची जमीन उंच आणि आतली खोल, असं का?

नकाशावेडा
नमस्कार. कामानिमित्त सध्या रॉटरडॅमला आहे. नेदरलँड्सचा सरकारी उंचीचा नकाशा जालावर कोणालाही बघता येतो, तो चाळत बसायचा नाद लागलाय. नैर्ऋत्येच्या झेलंड प्रांतात येऊन अडकलो. माझा समज असा की समुद्रालगतची जमीन सगळ्यात खोल असणार आणि आत जाऊ तशी चढत जाणार. तिथल्या झौड-बेव्हलँड या भागात चित्र नेमकं उलटं दिसतंय. बाहेरच्या बांधाला लागून असलेले पोल्डर (बांध घालून समुद्राकडून मिळवलेली जमीन) उंच, आणि खूस गावाच्या दक्षिणेचा मधला जुना भाग खोलगट. त्या खोलगट भागात पुन्हा वळणावळणाचे उंच पट्टे, दिसायला अगदी ओढ्यासारखे. गावं आणि रस्ते त्याच पट्ट्यांवर. ओढा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच कसा? त्या भागात कोणी राहत असेल तर कृपया सांगा.

बांधावरची
मी खूसजवळच राहते. सासर शेतकऱ्याचं, त्यामुळे हा विषय घरात रोजचा. तुम्ही नकाशा बरोबर वाचलात.

इथली जमीन समुद्रानेच आणून टाकली आहे. दर भरतीला गढूळ पाणी चढतं, थांबतं, गाळ सोडून परत जातं. वर्षानुवर्षं असं झालं की तो भाग इतका वर येतो की फक्त उधाणाचं पाणी तिथे पोचतं, आणि गवत धरतं. मग लोक त्याला बांध घालतात. बांध घातला त्या दिवसापासून गाळ यायचा बंद. आतली माती सुकते, आवळते, खाली बसते. बांधाबाहेर मात्र गाळ साचतच राहतो, आणि समुद्राची पातळीही हळूहळू चढत असते. दोनशे वर्षांनी कोणी बाहेर दुसरा बांध घातला तर ती नवी जमीन जुनीपेक्षा उंचावरूनच सुरुवात करते. म्हणून झेलंडमध्ये धाकटा पोल्डर उंच आणि थोरला खोल. मधला खोलगट भाग हा सगळ्यात जुना, साधारण बाराव्या शतकाच्या आसपास बांध पडलेला.

आता ते ओढे. तुम्ही पाहिलेत ते खरंच ओढेच होते, भरतीचं पाणी आत आणणारे. त्यांची पात्रं वाळूने भरली, आणि दोन ओढ्यांमधल्या जागेत पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ मातीचा, थर व त्यावर चिकणमाती राहिली. पाण्याचा निचरा झाल्यावर पीट चेपलं. वाळू चेपली जात नाही. त्यामुळे पात्र जागेवर राहिलं आणि काठ खाली गेले. घरं, रस्ते, सफरचंद-नाशपातीच्या बागा त्या वाळूच्या पट्ट्यांवर आहेत त्याला दुसरंही कारण आहे. इथलं भूजल खारं असतं, पण वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी हलकं म्हणून त्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. सासऱ्यांची विहीर अशाच पट्ट्यावर आहे आणि तिचं पाणी गोडं. खालच्या शेतात मात्र खारं पाणी तळातून वर येतं. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात तिथल्या चरातलं पाणी पिकाला देण्याच्या लायकीचं राहिलं नव्हतं.

आणि सगळा दोष निसर्गाचा नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. मध्ययुगात इथे ते पीट खणून काढत. समुद्राखाली राहिल्यामुळे त्यात मीठ मुरलेलं असे. ते वाळवून जाळायचं, राख खाऱ्या पाण्यात कालवायची, आणि ते पाणी मोठ्या कढयांत आटवून मीठ काढायचं. पैसा भरपूर मिळाला, पण जमीन आणखी खाली गेली. यर्सेकेच्या पश्चिमेला खणलेल्या जमिनीचे खळगे अजून तसेच आहेत, पावसाळी दिवसांत त्यांत पाणी उभं असतं.

याची किंमत ५ नोव्हेंबर १५३० ला चुकवावी लागली. त्या पुरात झौड-बेव्हलँडचा पूर्व भाग बुडाला, आणि तो पुन्हा कधीच पूर्णपणे परत मिळाला नाही. राइमर्सवाल हे भरभराटीचं शहर जरा उंचावर होतं म्हणून वाचलं, पण चहूबाजूंनी पाणी. पुढच्या पुरांनी आणि आगींनी ते खंगत गेलं, आणि १६३२ मध्ये उरलेले लोकही निघून गेले. यर्सेकेची कालवं (ऑयस्टर) प्रसिद्ध आहेत ना, त्या गावाला किनारा मिळाला तो याच पुरामुळे.

दप्तरदार
उत्तम प्रतिसाद. शेजारच्या वालखेरेनचा उल्लेख राहू नये म्हणून लिहितो. तिथे समुद्र माणसांनी मुद्दाम आत घेतला. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये अँटवर्प बंदराची वाट जर्मन तोफांनी अडवली होती, म्हणून मित्रराष्ट्रांच्या विमानांनी वेस्टकापेलेचा बांध फोडला, नंतर आणखी तीन ठिकाणी. बेट बशीसारखं मध्ये खोलगट, त्यामुळे पाणी आत शिरलं आणि वर्षभराहून अधिक काळ रोज भरती-ओहोटीबरोबर येत-जात राहिलं. झाडं मेली. वेस्टकापेलेत पहिल्याच हल्ल्यात गावकरी मोठ्या संख्येने दगावले.

नकाशावेडा
दोघांचेही मनापासून आभार. मग १९५३ च्या पुरात हे उंच नवे पोल्डर वाचले का? आणि ओस्टरस्खेल्डे खाडीच्या मुखावर सरळ धरण न घालता दारं कशाला बसवली?

बांधावरची
नाही वाचले. १ फेब्रुवारी १९५३ ला उधाण आणि वायव्येचं वादळ एकत्र आलं, व्लिसिंगेनला पाणी समुद्रसपाटीच्या वर ४.५५ मीटरपर्यंत चढलं. एवढ्या पाण्यापुढे पोल्डरच्या चढउताराने काही होत नाही. बांध बऱ्याच ठिकाणी आतून फुटले. पाणी माथ्यावरून सांडलं आणि आतला उभा उतार पोखरत गेलं. देशात १,८३६ माणसं गेली. पुष्कळ जण दुपारच्या दुसऱ्या भरतीत गेले, रात्रभर छपरावर तग धरल्यानंतर. आउवरकेर्कला शेवटचं खिंडार ज्या काँक्रीटच्या प्रचंड पेट्यांनी बुजवलं त्यांतच आता या पुराचं संग्रहालय आहे. जरूर जा.

ओस्टरस्खेल्डे पूर्ण बंद करायचंच ठरलं होतं. कालवं-शिंपल्यांवर जगणारे लोक, मच्छीमार आणि निसर्गप्रेमी विरोधात उभे राहिले, म्हणून ६२ पोलादी दारांचा अडसर झाला, १९८६ मध्ये. पाणी ३ मीटरवर जाईल असा अंदाज असला तरच दारं पडतात. माझ्या मते या देशाने घेतलेला हा सगळ्यात चांगला निर्णय. तरी त्याचाही परिणाम आहेच. पाण्याचा जोर कमी झाल्यामुळे वादळात उथळ पट्ट्यांवरची वाळू खोल पात्रात घसरते, आणि ती परत वर चढवण्याची ताकद भरतीत उरलेली नाही. पक्षी जिथे चरतात ते पट्टे झिजताहेत. २०१९ मध्ये रोखेनप्लाट नावाच्या अशाच एका पट्ट्यावर मुद्दाम वाळू आणून घालावी लागली.

घरात मतभेद होतो तो हेडविखे पोल्डरवरून. १९०७ चा हा पोल्डर २००५ च्या बेल्जियमबरोबरच्या करारामुळे २०२२ मध्ये समुद्राला परत दिला. अँटवर्पच्या जहाजांसाठी वेस्टरस्खेल्डे खाडी खोल केली, त्याची ही भरपाई. १९५३ पाहिलेल्या सासऱ्यांना हे सहन होत नाही आणि त्यांचं दुःख मला पूर्ण समजतं. पण गाळाला जागा मिळालीच पाहिजे, हे माझं मत कायम आहे.

त्याच्या शेजारचं साफ्टिंगे नकाशावर काढून बघा. १५८४ मध्ये युद्धात बांध फोडून बुडवलेली जमीन, तेव्हापासून दर भरतीला गाळ खातेय. ती बाहेरची आणि बांधाआडचे जुने पोल्डर यांचे आकडे शेजारी ठेवा, बुडालेलीच उंच निघेल. प्रत्यक्ष जायचं तर एमाडॉर्पहून, आणि वाटाड्या घेऊनच. ओढे भरतीला मागून भरतात आणि परतीची वाट बंद होते.