हाफ झाली, आता फुलचं काय? (सोसायटी ग्रुप)

सोमवार

वहिनी, ए-५०२: सुप्रभात. हे इथे लिहावं की नाही, असा रात्रभर विचार केला. काल ह्यांच्या हाफ मॅरेथॉनबद्दल सगळ्यांनी कौतुक केलंत, मनापासून आभार. पण आज सकाळी हे जिना पाठमोरे उतरत होते. दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेक पायरी. आणि काल रात्रीच फुल मॅरेथॉनला नाव नोंदवून बसलेत, सात आठवड्यांवर आहे. ज्यांनी ह्यांना भरीला घातलं त्यांनी आता समजूतही काढावी.

सेक्रेटरी: वहिनी, काळजी समजू शकतो. परंतु हा ग्रुप देखभाल आणि सूचनांसाठी आहे, याची सर्वांना नम्र आठवण.

माई, बी-१०३: कालचे चाळीस टाळ्यांचे मेसेज चालले, आजची काळजी चालत नाही होय? लिहू दे तिला.

दादा, ए-५०२: अगं, हे इथे कशाला? मंडळी, मी ठणठणीत आहे. हाफनंतर मांड्या दुखणारच. वेळ १:५६ आली! फुलला ३:५० धरलंय. सात आठवडे हातात आहेत.

अण्णा, बी-३०१: पुन्हा एकदा अभिनंदन. पण बाबा रे, फुल म्हणजे दोन हाफ नव्हेत.

नाना, सी-१०२: विषय निघालाच आहे तर. मागच्या गेटची बिजागरी पहाटे ४:३० ला करकरते. माझी खिडकी बरोब्बर वर आहे. पळणाऱ्यांनी पुढच्या गेटने जावे.

चिंटू, बी-७०४: दादा, हाफच्या २१ किलोमीटरला १:५६ म्हणजे किलोमीटरला ५:३० मिनिटं. फुल ३:५० म्हणजे किलोमीटरला ५:२७. म्हणजे दुप्पट अंतर हाफपेक्षा जोरात पळणार?

दादा, ए-५०२: उत्साहात अजून थोडं जास्त निघतं रे.

चिंटू, बी-७०४: पीटर रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरचं १९७७ चं सूत्र आहे. अंतर दुप्पट झालं की वेळ दोनने नाही, दोनाचा १.०६ वा घात, म्हणजे साधारण २.०८५ ने गुणायची. तुमचे ११६ मिनिटं गुणिले २.०८५, येतात ४ तास २ मिनिटं.

अण्णा, बी-३०१: आणि तेही दर आठवड्याला भरपूर किलोमीटर पळणाऱ्याचं. तुझा सगळ्यात मोठा रन किती?

दादा, ए-५०२: २५. एकदाच.

अण्णा, बी-३०१: मग ४:१५ धर. किलोमीटरला सहाच्या वर. फुल म्हणजे दोन हाफ नव्हेत.

सी-४०१: चिंटू, गणित एवढं पक्कं आहे तर मेंटेनन्सचा हिशोब पण तूच कर. तीन महिने जुळत नाहीये 😄

सेक्रेटरी: हिशोब ऑफिसात उपलब्ध आहे. कधीही येऊन पाहावा. असे टोमणे ग्रुपवर नकोत.

सी-४०१: टोमणा नाही साहेब, गंमत केली.

सेक्रेटरी: ठीक आहे.

नाना, सी-१०२: गेट.

बंडू, बी-६०४: मी बोलणार नव्हतो, पण वहिनी, गेल्या वर्षी माझं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहेच. दादा, नीट वाच. हाफ १:४९. मी पण दुपटीत थोडं घालून ३:४५ धरलं. २८ पर्यंत राजासारखा. ३२ ला पाय माझे नव्हतेच. खिशातलं जेल, म्हणजे पळताना खायचं साखरेचं पाकीट, काढलं, पाकिटाचा कोपरा फाडता येईना, बोटांत जीवच नव्हता. शेवटी पाणी देणाऱ्या एका शाळकरी मुलीने दातांनी फाडून दिलं. फिनिश ४:५१. शेवटचे दहा किलोमीटर बहुतेक चाललो.

माई, बी-१०३: हे तू मला सांगितलंच नव्हतंस.

बंडू, बी-६०४: लाज वाटली माई.

अण्णा, बी-३०१: लाज कसली. त्याचं कारण साधं आहे, आणि हाफमध्ये ते दिसतच नाही. स्नायू आणि यकृत मिळून साखरेचा जो साठा असतो तो ढोबळमानाने दोन हजार कॅलरींचा. पळताना वजनाच्या किलोमागे दर किलोमीटरला एक कॅलरी लागते असं धरतात. सत्तर किलोच्या माणसाला हाफला दीड हजार, म्हणजे साठ्यात भागतं. फुलला जवळजवळ तीन हजार. वरचा हजार कुठून आणणार? थोडी चरबी जळते, पण सुरुवातीला जितकं जोरात पळाल तितकी साखर जास्त उडते. म्हणून तिसाव्या किलोमीटरनंतर पाय एकदम संपतात, त्यालाच भिंत म्हणतात. दादा, काल जेल कधी कधी घेतलंस?

दादा, ए-५०२: घेतलंच नाही. गरजच पडली नाही.

अण्णा, बी-३०१: हेच. हाफ ही फुलची रंगीत तालीम म्हणून करायची असते. किती वाजता उठायचं, कुठले मोजे घासतात, जेल दर चाळीस मिनिटांनी पोटाला सोसतं का, हे तिथे बघून घ्यायचं. तू ती शर्यत म्हणून पळालास. वेळ कळली, बाकी काहीच कळलं नाही.

दादा, ए-५०२: अण्णा, तुम्ही अकरा फुल केल्यात म्हणून सगळ्यांनी तुमच्यासारखंच पळायचं का? मला स्वतःचा वेग माहीत आहे.

अण्णा, बी-३०१: बरं. राहिलं.

वहिनी, ए-५०२: अण्णा, राग मानू नका. ह्यांना झोप झालेली नाही.

डॉक्टर ताई, ए-२०३: ओपीडीत होते, आता वाचलं. दादा, दुखतंय नेमकं कुठे? दोन्ही मांड्यांत सारखं, की एकाच जागी?

दादा, ए-५०२: मांड्या. दोन्ही.

वहिनी, ए-५०२: उजवा गुडघा. बाहेरच्या बाजूला. रात्री बर्फ लावून बसले होते.

डॉक्टर ताई, ए-२०३: दादा?

दादा, ए-५०२: १७ व्या किलोमीटरपासून टोचत होतं. शर्यत सोडवली नाही. फोटो निघत होते, मुलं शेवटच्या वळणावर उभी होती. थोरल्याने पाटी धरली होती.

डॉक्टर ताई, ए-२०३: मांड्या दोनतीन दिवस दुखल्या तर काळजी नाही. गुडघ्याच्या बाहेर एकाच बिंदूवर, पायऱ्या उतरताना टोचणं वेगळं. मांडीच्या बाहेरून खाली येणारा जाड पट्टा तिथे चिडतो. दहा दिवस पळणं बंद. फिजिओला दाखवा. आणि एक अगदी स्पष्ट: वेदनाशामक गोळी घेऊन पळायचं नाही. अंगातलं पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला जड जाते.

माई, बी-१०३: आणि पाणी भरपूर पी रे.

डॉक्टर ताई, ए-२०३: माई, तेही बेतानेच. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, १३ टक्के जणांचं सोडियम कमी निघालं. पळताना इतकं पाणी प्यायलेले की वजन वाढलं, आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले, अशांत ते जास्त दिसलं. तहान लागेल तसं घोट घोट प्यायचं.

नाना, सी-१०२: मागच्या गेटची बिजागरी पहाटे ४:३० ला करकरते. तिसऱ्यांदा लिहितोय.

सेक्रेटरी: नाना, वॉचमनला सांगितले आहे.

नाना, सी-१०२: मागच्या महिन्यातही सांगितले होते.

चिंटू, बी-७०४: एक सांगू? फुलचं अंतर ४२.१९५ का, माहितीये? १९०८ च्या लंडन ऑलिंपिकला शर्यत विंडसर कॅसलपासून निघून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या बैठकीपुढे संपवली, ते अंतर इतकं भरलं. १९२१ मध्ये तेच कायम झालं.

सी-४०१: म्हणजे ती बैठक अलीकडे असती तर बंडू वाचला असता.

बंडू, बी-६०४: मला दहा किलोमीटर अलीकडे हवी होती 😄

अण्णा, बी-३०१: राहिलं म्हणालो होतो, पण राहवत नाही. केनियाचा केल्विन किप्टम, शिकागो मॅरेथॉन, ८ ऑक्टोबर २०२३. २:००:३५. पहिला अर्धा भाग ६०:४८, दुसरा ५९:४७. दुसरा अर्धा जोरात. विश्वविक्रम करणारा माणूस पहिल्या अर्ध्यात हात राखून पळतो.

माई, बी-१०३: तोच ना तो, पुढच्या फेब्रुवारीत मोटार अपघातात गेला? चोवीस वर्षांचं पोर.

अण्णा, बी-३०१: हो माई.

दादा, ए-५०२ (रात्री १०:४०): अण्णा, सकाळचं मनावर घेऊ नका. चुकलं. नाव मागे घ्यावं लागेल का?

अण्णा, बी-३०१: अजिबात नाही. दहा दिवस ताई सांगतील तसं. मग हलके सहा किलोमीटर, गुडघा गप्प राहिला तर आठ. तिसऱ्या रविवारी, म्हणजे शर्यतीच्या आधी चार आठवडे, २६. त्याच्या पुढच्या रविवारी ३०. दोन्ही इतके सावकाश की बोलता आलं पाहिजे. त्यानंतर टेपर, अंतर उतरवत न्यायचं. शेवटच्या तीन आठवड्यांत ताकद वाढत नाही, फक्त थकवा निघतो. आणि गुडघा बोललाच तर पुढची शर्यत. फुल कुठे पळून जात नाही.

वहिनी, ए-५०२: हे मी प्रिंट काढून फ्रिजवर लावते.

शुक्रवार, दुसरा आठवडा

दादा, ए-५०२: काल सहा झाले. गुडघा गप्प. जिना सरळ उतरलो. फिजिओने एका पायावर उभं राहायला लावलं, उजवीकडे कंबर खाली पडते म्हणाले. रोज वीस मिनिटं त्याचाच व्यायाम.

डॉक्टर ताई, ए-२०३: छान. उद्या विश्रांती, मग आठ.

बंडू, बी-६०४: २६ ला मी सायकलवर बरोबर येतो. जेल माझ्याकडे, पाकिटं आधीच कापून ठेवतो.

नाना, सी-१०२: पुढच्या गेटने.

दादा, ए-५०२: नाना, पुढचं गेट पाचशिवाय उघडत नाही. बिजागरीला आज मी स्वतः ग्रीस लावलं आहे. दोन्ही बाजूंना.

रविवार, तिसरा आठवडा

नाना, सी-१०२ (५:१०): आज गेट वाजले नाही. गेलात ना नक्की? गुडघा ठीक आहे ना?

वहिनी, ए-५०२: गेले हो नाना. ४:३५ ला. बंडूभाऊ सायकलवर मागे आहेत, आणि घड्याळ मी काढून ठेवलंय.