मदत हवी आहे : लांबच्या मोटरसायकल प्रवासासाठी हार्ड बॉक्स, अ‍ॅल्युमिनिअम की प्लॅस्टिक?

नमस्कार मंडळी,

पुढच्या मोसमात मी आणि नवरा मोटरसायकलवरून काही आठवड्यांच्या प्रवासाला निघतोय. गाडी 400 सीसीची, एक सिलिंडरची. चालवणार मी, मागे तो. बराचसा रस्ता डांबरी आहे, पण मधेमधे खडीचे आणि उखडलेले लांब पट्टे लागतील. सामान म्हणजे तंबू, स्टोव्ह, दोघांचे कपडे, हत्यारं, ट्यूब आणि पंप. मऊ सॅडलबॅगा आम्ही वापरल्या आहेत, चांगल्याही आहेत. पण या वेळी गाडी उभी करून दोघांनाही दिवसभर पायी लांब जायचं आहे, म्हणून कुलूप लागणारे बॉक्सच हवेत. हे नक्की ठरलंय, तेव्हा कृपया त्याच्या पुढचं सांगा.

आतापर्यंत बघून, हाताळून जे कळलं ते असं. अ‍ॅल्युमिनिअमचे बहुतेक बॉक्स साधारण दीड मिलिमीटर पत्र्याचे असतात आणि वरून उघडतात. गच्च भरले तरी उघडताना सामान अंगावर येत नाही, झाकणावर पट्ट्यांनी तंबूही बांधता येतो. गाडी पडली तर कोपरा चेपतो, पण ठोकून बऱ्यापैकी जागेवर आणता येतो. मात्र प्रवासात आतलं सामान पत्र्याला घासत राहतं आणि कपड्यांना काळं लागतं, त्यामुळे आत वेगळी पिशवी लागतेच. प्लॅस्टिकचे अनेक बॉक्स बाजूने, पुस्तकासारखे उघडतात. दिसायला सुटसुटीत, पण रस्त्याच्या कडेला तळाची एक वस्तू काढायची तर सगळा पसारा जमिनीवर येतो.

माझी खरी अडचण वजनाची आहे. माहितीपुस्तिकेप्रमाणे गाडीचं एकूण कमाल वजन 370 किलो आणि गाडीचं स्वतःचं 188. उरले 182. आम्ही दोघं हेल्मेट, जॅकेट, बूट घालून काट्यावर उभे राहिलो तर 148. म्हणजे हातात 34 किलो. 37 लिटरचा एक अ‍ॅल्युमिनिअम बॉक्स साडेपाच किलोच्या आसपास, असे दोन, शिवाय ते अडकवायची लोखंडी रॅक पाच किलोची. सामान ठेवण्याआधीच 16 किलो संपले! राहिले 18, आणि त्यात तंबूपासून पान्यांपर्यंत सगळं.

तर विचारायचं हे की, याहून लहान बॉक्स घेऊन भागेल का? प्लॅस्टिकमध्ये वजन खरंच वाचतं का? आणि सीटच्या मागे, वर बसणारा टॉप बॉक्स लावावा का?

प्रतिसाद

तुम्ही आधी काट्यावर उभ्या राहिलात हे फार बरं केलंत. बहुतेक जण लिटर मोजतात आणि किलो विसरतात. फक्त एक तपासा : ते 188 पेट्रोल धरून आहेत की कोरडे? पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं. टाकी 13 लिटरची असेल तर हिशेबात जवळजवळ 10 किलोंचा फरक पडेल.

टॉप बॉक्स तुमच्या बाबतीत मी लावणार नाही. तो मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे आणि उंचावर येतो. तिथे जड काही ठेवलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात गाडी डुलायला लागते. लावायचाच असेल तर त्यात रेनकोट, हातमोजे एवढंच ठेवा. हत्यारं, ट्यूब, स्टोव्ह बाजूच्या बॉक्समध्ये तळाशी आणि होईल तितकं पुढे.

प्लॅस्टिक म्हणजे सगळं एकच नव्हे. एबीएस नावाचं प्लॅस्टिक कडक असतं, जोराचा फटका बसला की तडकतं. पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिलीन थोडं दबून परत येतं. वजन मात्र फार वाचत नाही, कारण कुलूप, बिजागऱ्या, पकड हे सगळं त्यातही आलंच. प्रत्येक बॉक्सची कंपनीने दिलेली मर्यादाही वाचा. गिवी कंपनीच्या मोनोकी प्रकारच्या बॉक्सला ती 10 किलो आहे, मग आत जागा कितीही असो.

आता पायाचा मुद्दा, यावर कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. खडीवर तोल जाताना आपण पाय टेकवतो, गाडी पुढे सरकते आणि मागून बॉक्स पोटरीवर येतो. कडक बॉक्सखाली पाय अडकून हाड मोडू शकतं. म्हणून शक्य तेवढे अरुंद आणि मागे सरकवलेले बॉक्स घ्या, आणि खडीवर पाय फूटपेगवरच (पाय ठेवायच्या दांडीवर) ठेवायची सवय करा. बॉक्स मागे सरकवावे तर वजन मागे जातं, पुढे आणावे तर पायाला धोका. यातला मध्य गाडीवर बसूनच काढावा लागतो. म्हणून मी 30 लिटरच्या आसपासचेच घ्या म्हणेन. मोठा बॉक्स रिकामा राहत नाही, तो भरला जातोच.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. माझी भर रॅकबद्दल. माझ्या पाहण्यात बॉक्सपेक्षा रॅकच आधी दगा देते. हादऱ्यांनी बोल्ट सैल होतात, मग एका बाजूचा भार दुसरीवर येतो आणि वेल्डिंगचा टाका सुटतो. दोन्ही बाजू मागून जोडणारी आडवी पट्टी असलेलीच रॅक घ्या. बोल्टला मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा, पहिल्या दिवसाच्या शेवटी सगळे पुन्हा आवळा, नंतर रोज सकाळी हात लावून बघा. लोखंडी रॅक तुटली तर साधा वेल्डिंगवाला जोडून देतो. अ‍ॅल्युमिनिअमला तसं होत नाही, त्याला वेगळं यंत्र आणि वेगळा हात लागतो.

धुळीचंही बघा. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि बारीक धूळ तिथेच ओढली जाते. झाकणाची रबरी पट्टी सलग आहे ना, कोपऱ्यात जोड नाही ना, हे विकत घेतानाच बोट फिरवून पाहा.

आणि दोघं बसून सामान लादल्यावर मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचं प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) आणि टायरची हवा पुस्तिकेत दिल्याप्रमाणे वाढवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पुस्तिका पुन्हा पाहिली, 188 किलो पेट्रोल आणि ऑइल धरूनच आहेत. म्हणजे हिशेब तोच राहतो. पायाचा मुद्दा मात्र माझ्या यादीत नव्हता. खडीवर मी सवयीने पाय खाली सोडते, त्यामुळे तो सगळ्यात वर गेला.

टॉप बॉक्स रद्द. 30 लिटरचे, वरून उघडणारे अ‍ॅल्युमिनिअमचे बॉक्स यावर जवळपास आलेय. 37 लिटरच्यापेक्षा जोडीमागे किलो-दीड किलोच वाचेल, पण जागाच नसली की जास्तीचं घरी राहील हे पटलं. तंबू झाकणावर न बांधता मागच्या सीटच्या शेजारी आडवा बसतो का तेही बघणार आहे.

आता एक प्रश्न उरतो. सायलेन्सर उजवीकडे उंच आहे. त्या बाजूला खाच असलेला बॉक्स घेतला तर आतली जागा जाते, सरळ घेतला तर तो डावीकडच्यापेक्षा बाहेर येतो. रुंदी हँडलबारच्या आत ठेवायची आहे, नाहीतर अरुंद जागेतून पुढचं निघेल आणि मागचं अडकेल. ज्यांनी खाचेचा बॉक्स वापरलाय त्यांनी सांगा : लांब चालवल्यावर त्या बाजूचा पत्रा आतून किती तापतो, आणि तिथे काय ठेवता?