नापाला जाताय तर बेरिंजर बघाच

कॅलिफोर्नियातल्या नापा या वाइनसाठी प्रसिद्ध खोऱ्यातल्या जुन्या वायनरी (वाइन बनवायची ठिकाणं) म्हणजे नुसता महागडा देखावा, असं कुणीकुणी म्हणतं. मला हे अजिबात पटत नाही. तिथल्या सेंट हेलेना गावातली बेरिंजर वायनरी बघा. १८७६ साली जेकब आणि फ्रेडरिक या जर्मन भावांनी ती उभारली. फ्रेडरिकचा ऱ्हाइन हाऊस हा रंगीत काचांचा बंगला सुंदर आहेच, पण खरं बघायचं ते टेकडीच्या पोटातले बोगदे. चिनी मजुरांनी ते कुदळी-पहारी चालवून हाताने खोदले. आत बारा महिने सारखाच गारवा, म्हणून वाइन पिंपांमध्ये सावकाश मुरते. टूर असेल तर त्या मजुरांबद्दल गाईडला आवर्जून विचारा, ती माणसं विसरली जाऊ नयेत.

१९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. कितीतरी वायनरींना टाळं लागलं. बेरिंजर मात्र चर्चच्या विधींसाठी वाइन बनवायच्या परवान्यावर तगली.

दिवसाला दोनच वायनरी ठेवा आणि बुकिंग आधीच करा. गाडी चालवणाऱ्याने चव घेऊन वाइन थुंकली तरी चालते, त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं. हाताशी आणखी एक दिवस असेल तर शेजारच्या सोनोमातली ब्युएना व्हिस्टा वायनरी घ्या, ती तर १८५७ची आहे.