काळ्या रानात पत्र्याच्या शेडचा पाया कसा घ्यावा?

बांधावरचा:
परभणीजवळ बागेत 10 × 12 फुटांची पत्र्याची खोली करायची आहे. आत फवारणी पंप, ठिबकचं सामान, खताची पोती. माती काळी, उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. मिस्त्री म्हणतो, शेड हलकी आहे, जमिनीवर सरळ 4 इंच काँक्रीट टाकू. चालेल का?

साइटवाला:
नाही चालणार, आणि कारण तेच: शेड हलकी आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. घराच्या वजनाखाली ती थोडी तरी दबून राहते, एवढ्याशा कोब्याला मात्र उचलते. तेही सगळीकडे सारखं नाही. कडा आधी भिजतात, आधी वर येतात. कोबा तडकतो आणि दार चौकटीत अडकतं.

चारी बाजूंनी एकेक फूट जास्त धरून 12 × 14 चा खड्डा घ्या, दीड फूट खोल. तळ पाणी शिंपडून ठोका. मुरूम 6-6 इंचांच्या थरांनी भरा, प्रत्येक थर ओला करून धुम्मस (ठोकायचं जड अवजार) मारा. एकदम भरून वरून रोलर फिरवला तर खालचं पोकळच राहतं. खड्डा अडीच ब्रासचा (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) असला तरी दबाईत मुरूम बसतो, सव्वातीन मागवा.

त्यावर ब्लॉकची कड, आत 9 इंच दगडाचं सोलिंग (हाताने रचलेला दगडांचा थर), फटी मुरमाने बुजवायच्या, वर पॉलिथिन आणि 4 इंच काँक्रीट. 1 : दीड : 3 च्या मालाला 9 पोती सिमेंट, 17 घनफूट वाळू, 34 घनफूट खडी. 8 मिमी सळई दोन्हीकडून 8 इंचांवर, सुमारे 45 किलो. सळईच्या जाळीखाली 2 इंची कव्हर ब्लॉक (जाळी वर उचलून धरणारे छोटे ठोकळे) हवेतच. माल ओतताना जाळी तुडवली जाते आणि पॉलिथिनवर पडून राहते. मग ती असून नसल्यासारखी.

पाणी किमान 7 दिवस मारा.

मुरूमकर:
वरचं सगळं बरोबर, पण स्वस्त मिळाली म्हणून खड्ड्यात वाळू भरू नका. काळ्या मातीतला खड्डा म्हणजे हौदच. वाळूतून पाणी उतरतं आणि तळाची माती आतून फुगते. किंचित चिकट, घट्ट बसणारा मुरूम घ्या. भोवती 3 फूट रुंद, बाहेर उतार दिलेली फरसबंदी करा. पत्र्याच्या पागोळ्या तिच्यावरच पडल्या पाहिजेत. ठिबकचा व्हॉल्व्ह आणि पाण्याची टाकीही लांब ठेवा.

काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात माती पूर्ण आकसलेली असते, त्यावर कोबा टाकला तर पहिल्याच पावसाळ्यात सगळी फुगवट त्याच्या वाट्याला येते.

बांधावरचा:
आणि खांब त्याच कोब्यात रोवले तर?

साइटवाला:
नको. पत्र्याच्या शेडला वळिवाचा वारा खालून उचलतो, 4 इंचांच्या कोब्यात खांबाला पकड नाही. मुरूम भरण्याआधी सहा खड्डे घ्या, दीड × दीड फूट, 3 फूट खोल, आणि काँक्रीटने पूर्ण भरा. इथे वजनच कामाला येतं. माल जवळपास कोब्याइतकाच लागतो, मिस्त्रीच्या अंदाजात तो बहुधा धरलेला नसेल. वर जोत्यापर्यंत पेडेस्टल (काँक्रीटचा आखूड खांब), त्यात 12 मिमीचे जे-बोल्ट (खालून J सारखे वाकवलेले). बोल्ट बेसप्लेटच्याच (खांबाच्या तळाची लोखंडी पट्टी) भोकांत अडकवून माल ओता, नाहीतर नंतर भोकं जुळत नाहीत. पेडेस्टल आणि कोबा यांच्यामध्ये अर्धा इंच थर्माकोल, म्हणजे एक हलला तरी दुसरा ओढला जात नाही.

आखणीत दोन्ही कर्ण 15 फूट साडेसात इंच आले पाहिजेत. फरक असेल तर पत्रे तिरके बसतात. आणि खताची पोती कोब्यावर थेट नको, खाली लाकडी फळ्या टाका.